जुन्या फाइलच्या तळाशी

५ फेब्रुवारी

हिच्या ऑफिसनं आजपासून छापील कागद बंद केले. ही बेटावरच्या तळावर इलेक्ट्रिशियन म्हणून गेल्यापासून इतके महिने मी दर आठवड्याला तिथे जाऊन हिनं पाठवलेल्या ओळींचा कागद आणायचो. वाटेत बाकावर बसून एकदा वाचायचो आणि घरी येऊन सासूबाईंना, जणू पहिल्यांदाच वाचतोय असं तोंड करून, पुन्हा वाचून दाखवायचो. ते सुख संपलं. आता बेटावर गेलेल्या प्रत्येक माणसाच्या इकडच्या घरी एक जुनंपुराणं मशीन बसवताहेत आणि ओळी त्यावरच वाचायच्या. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. बेटावरून येणारी लाइन इतकी बारीक आहे म्हणे, की तिच्यातून याहून जास्त काही येतच नाही. फोन फक्त जिवावर बेतलं तरच.

मे महिन्यात जहाज जाईल, नवा इलेक्ट्रिशियन तिकडे उतरेल, ही इकडे यायला चढेल. मग हे मशीन ऑफिसच्या डोक्यात घालायला मी मोकळा.

मशीन बसवायला ऑफिसचा ऑपरेटर आला होता. बोलता बोलता मध्येच शिट्टी वाजवतो, म्हणून ही त्याला ‘शिट्टी’ म्हणायची. मीही तेच लिहितो. काळा पडदा, पांढरी अक्षरं. मी माउस शोधत होतो, तर म्हणाला, “माउस कशाला हवा? बोटं आहेत ना?” फाइल उघडायला ‘लेस’ लिहायचं, पुढे फाइलचं नाव, मग एंटर. स्पेस दाबलं की पुढचं पान. बी दाबलं की मागचं. लहान जी म्हणजे सगळ्यात पहिली ओळ, कॅपिटल जी म्हणजे शेवटची. क्यू म्हणजे बाहेर. आपल्याला ओळ पाठवायची तर बाहेर येऊन ‘घर’ लिहायचं आणि पुढे जे काय असेल ते. आपली ओळही त्याच फाइलला खाली जोडली जाते.

सासूबाईंनी विचारलं, “लेस का?” शिट्टी म्हणाला, पूर्वी ‘मोर’, म्हणजे ‘आणखी’, नावाची कमांड होती. ती फक्त पुढे पुढे पानं दाखवायची, मागे जाता यायचं नाही. मग कुणीतरी गमतीनं उलट्या नावाची ही केली, हिच्यात मागे जाता येतं. सासूबाई म्हणाल्या, “मग हीच बरी. आमचं सगळं मागेच आहे.”

७ फेब्रुवारी

काल संध्याकाळी फाइलच्या शेवटाला पोचलो आणि अडकलो. पडद्याच्या खाली ‘एंड’ असं उलट्या रंगात आलं आणि मशीन गप्प. स्पेस दाबलं, एंटर दाबलं, टेबलावर थाप मारली. सासूबाई म्हणाल्या, “क्यू सांगितलं होतं त्यानं.” मी म्हटलं, क्यू दाबलं आणि सगळं पुसलं गेलं तर? मी दात करणारा माणूस आहे. साच्यातून कवळी चुकीच्या वेळी काढली की ती गेली, पुन्हा मेणापासून सुरुवात. शेवटी त्यांनीच काठीसारखं ताठ बोट करून क्यू दाबलं. सगळं गेलं. पुन्हा लेस लिहिलं, सगळं जिथल्या तिथे.

“बाहेर पडल्यानं काही मरत नाही,” असं म्हणून त्या चहा टाकायला गेल्या.

१० फेब्रुवारी

आज शोधायला शिकलो. तिरकी रेघ दाबायची, शब्द लिहायचा, एंटर. सापडला की मशीन तिथे नेऊन सोडतं. पुढचा हवा असेल तर एन.

सासूबाई पायांना तेल लावत आत बसल्या होत्या, तेवढ्यात मी ‘आठवण’ शोधून पाहिलं. इतक्या महिन्यांच्या सगळ्या ओळींत एकदाच सापडलं: ‘स्टोअरला पान्यांची आठवण करून दिली, अजून पाठवले नाहीत.’ पुन्हा एन दाबलं. ‘पॅटर्न नॉट फाउंड.’

मग ‘ढब्बू’ शोधलं. हा तिथला स्वयंपाकी. एन, एन, एन, एन. बोट दुखायची वेळ आली. ढब्बूनं सूप केलं, ढब्बू पाय घसरून पडला, ढब्बूला मी फ्यूज बदलायला शिकवलं. मला लोकांचा हेवा वगैरे वाटत नाही. पण फ्यूज मलाही बदलता येत नाही आणि मला कुणी शिकवलं नाही.

शोधता शोधता एक जुनी ओळ दिसली: ‘तुझा तपकिरी स्वेटर माझ्याकडे आहे, हे एव्हाना कळलं असेलच.’ कळलं नव्हतं. कपाट उघडून पाहिलं. खरंच नाही. एवढा जाड स्वेटर, आणि त्याच्यावाचून माझं काही अडलंही नाही, तर हिनं सांगितलं कशाला?

१९ फेब्रुवारी

आज मोठा दिवस. शिट्टी मशीन तपासायला आला होता. त्याला म्हटलं, मी सारखा आत-बाहेर करतो, नवीन ओळ आली का बघायला. तो हसला आणि म्हणाला, कॅपिटल एफ दाबा. दाबलं. खाली अक्षरं आली, त्यानं अर्थ सांगितला: मशीन आता वाट बघतंय. फाइलला नवी ओळ जोडली गेली की आपोआप पडद्यावर पडेल, आपण काही दाबायचं नाही. वाट बघणं थांबवायचं तर कंट्रोल आणि सी.

इतक्या वर्षांत कुठल्या यंत्रानं माझ्या स्वभावाला धरून काही केलं असेल तर हेच.

शिट्टी बरंच काही सांगत होता. फाइल फार जाड झाली की ऑफिसचं मशीन तिचं नाव बदलून तिला बाजूला ठेवतं, आणि त्याच नावाची कोरी फाइल सुरू करतं, वगैरे. ते त्यांचं काम. मी मान डोलावली. खरं तर माझं लक्ष पडद्याकडे होतं, कारण तो बोलत असतानाच ओळ पडली. डोळ्यांदेखत! आधी काही नव्हतं आणि मग होतं. सासूबाईंनी माझा दंड धरला.

‘माझ्या जागी यायचा माणूस आजारी आहे म्हणतात. बघू. इथे रात्री आकाश फार जवळ असतं.’

शिट्टी गेल्यावर मी उत्तर टाकलं: ‘होईल बरा तो. इकडे सगळं ठीक. तुझी आई माझं डोकं खाते आणि आकाश इथेही आहे.’ पुन्हा लेस, पुन्हा कॅपिटल एफ. आता हे असंच चालू ठेवणार.

२६ फेब्रुवारी

ओळ नाही. आमचा नियम आहे, एक ओळ तिची, एक माझी. निघताना तिनंच घातला होता, मला बोलू दिलं तर मी थांबत नाही म्हणून. तेव्हा आता तिचा नंबर. मशीन वाट बघतंय, मी कामाला जातो, येतो, मशीन वाटच बघतंय.

वर्कशॉपमध्ये सासूबाईंच्या नव्या कवळीचं मेण लावून ठेवलं. जुनी सैल झाली आहे, बोलताना टकटक वाजते. लेक येईपर्यंत नवी हवी असा हट्ट आहे. “हसून दाखवायचंय तिला,” म्हणाल्या.

४ मार्च

नाही.

माझीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ‘आकाश इथेही आहे’ हे जरा खोचक झालं का? मी गमतीनं लिहिलं होतं. पण काळ्या पडद्यावर गंमत दिसत नाही, तिथे सगळी वाक्यं सारखीच तोंडं करून बसतात.

९ मार्च

सासूबाईंशी भांडण.

“तुम्ही लिहा ना एक ओळ,” त्या म्हणाल्या.

“तिचा नंबर आहे.”

“रेशनच्या रांगेत उभे आहात का नंबर लावून? बायको आहे ती.”

“लिहायचं तर बाहेर पडावं लागतं. मी बाहेर पडलो आणि नेमकी तेव्हाच ओळ आली तर?”

“तर आत जाऊन वाचा.”

हे तसं बरोबर आहे. पण तिला काही वाटत असेल तर तिनं लिहावं. मी काय दारात बसूनच आहे. माझी शेवटची ओळ पडद्यावर आहे, तिच्याखाली काही नाही, आणि मी कुणाच्या मागे लागणाऱ्यांतला नाही. सासूबाई म्हणाल्या, “सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.” मग दुपारभर स्वतःशीच पुटपुटत राहिल्या. नुसती जुनी कवळी टकटक वाजत होती.

१५ मार्च

एक गोष्ट इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही. मला वाटतं तिला यायचंच नाही. माणसाला यायचं असतं तेव्हा तो बोलतो. मे जवळ आला, सामान काय आणू, बंदरावर घ्यायला येशील का. ही गप्प आहे. तिथे तिला सगळे ‘बत्ती’ म्हणतात. इथे तिला कुणी काही म्हणत नव्हतं. इथे ती लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होती आणि लोक तिला विचारायचे, “मेकॅनिक कधी येणार?”

संध्याकाळी तिच्या बाजूच्या उशीवर तिचाच जुना स्कार्फ ठेवला, मग लाज वाटून कपाटात टाकला, मग पुन्हा काढला. पन्नाशी उलटलेल्या माणसाचे हे धंदे. ती मला हवी आहे. दुसरं काही म्हणणं नाही.

२१ मार्च

सकाळी सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही ऑफिसात जाता की मी काठी टेकत जाऊ?” म्हणून गेलो. शिट्टी आजच रजेवरून परतला होता. म्हटलं, बेटावरची लाइन तुटली आहे का? म्हणाला, “छे, रोज ओळी येताहेत.” माझं तोंड बघून तो माझ्याबरोबर घरी आला.

पडद्यासमोर उभा राहिला आणि शिट्टी वाजवता वाजवता थांबला. “हे कधीपासून चालू ठेवलंय?”

“तुम्ही शिकवलंत तेव्हापासून. एकदाही बाहेर पडलो नाही.”

त्यानं कंट्रोल-सी दाबलं, क्यू दाबलं, आणि हळू आवाजात समजावलं. फाइल जाड झाली होती. ऑफिसच्या मशीननं तिचं नाव बदलून ती बाजूला ठेवली आणि त्याच नावाची नवी सुरू केली. पण माझं मशीन जुनीच फाइल धरून बसलं. त्याला नावाशी देणंघेणं नसतं, एकदा जी हातात धरली ती धरली. “तुम्ही बंद झालेल्या फाइलच्या तळाशी वाट बघत होता, काका. तिच्यात आता कोणीच लिहिणार नव्हतं. एकदा बाहेर येऊन परत उघडली असतीत तर...” त्यानंच लेस लिहिलं, फाइलचं नाव लिहिलं, एंटरवर बोट नेलं आणि उठला. “हे तुम्ही दाबा. घरचं आहे.” बूट घालून गेलासुद्धा.

मी दाबलं. सासूबाईंना वाचून दाखवलं, आणि या वेळी खरंच पहिल्यांदा वाचत होतो.

‘माझ्या जागचा माणूस येत नाही, दुसरा मिळत नाही. मला विचारलंय, आणखी एक वर्ष थांबशील का. तुम्ही दोघं काय म्हणता?’

‘तुझा नंबर आहे. सांग ना.’

‘वादळात मोठा जनरेटर बंद पडला. मी आणि ढब्बू कमरेला दोर बांधून शेडपर्यंत गेलो. बोटं वळत नव्हती तरी डिझेलचा पंप उघडला, साफ केला, चालू केला. परत आले तर खिडक्यांत दिवे आणि सगळे दारात उभे राहून ओरडत होते. मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. हे तुलाच सांगायचं होतं.’

‘रागावलास का? की आईचं काही?’

‘साहेबांना आज उत्तर द्यायचं होतं. नाही म्हणून सांगितलं. मेच्या जहाजानं येते.’

‘परत नियम मोडते. बरं केलं ना मी?’

बी दाबून मागे गेलो, स्पेस दाबून पुढे आलो. तेच होतं.

२२ मार्च

काल सासूबाईंनी शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचून घेतल्या. मग म्हणाल्या, “येतेय ना?” मी म्हटलं, येतेय. “मग झालं तर.”

“पण तिला वाटलं आपण रागावलो. म्हणून नाही म्हणाली.”

“कशानं का होईना, येतेय. तुम्ही आता शहाणपणा करून काही लिहू नका. माझं वय बघा. पिकलं पान आहे मी. पुढच्या वर्षीचं जहाज मला दिसेल की नाही कोणास ठाऊक.” आणि मग, “तुम्हाला तरी काय दुसरं हवंय?”

काही नाही. मला दुसरं काहीच नको आहे. हेच तर.

तिला काळजी नको म्हणून ओळ टाकली: ‘मशीनची भानगड होती, आत्ता वाचलं. आम्ही दोघं ठीक. वाट बघतो.’ यात एकही शब्द खोटा नाही. सासूबाईंनी दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, “छान लिहिलंत.” आम्ही दोघंही चोरासारखे चहा प्यायलो.

२३ मार्च

उत्तर आलं.

‘बरं.’

नुसतं ‘बरं’. मला ही बाई माहीत आहे. तिला हवा तो पाना दुकानात नसला आणि दुकानदारानं दुसरा दिला, की ती असंच ‘बरं’ म्हणते.

२५ मार्च

दात करताना रंगांची पट्टी तोंडाशी धरून रंग ठरवतात. आज एकाच्या कवळीत वरचे दात एका रंगाचे आणि खालचे दुसऱ्याच रंगाचे लावले. डॉक्टर म्हणाले, “काय हो, लक्ष कुठे आहे?” लक्ष कमरेला दोर बांधून वादळात आहे. मी तिला लिफ्टच्या खड्ड्यातून काळी होऊन घरी येताना पाहिलंय, दमलेली पाहिलंय, चिडलेली पाहिलंय. दारात उभं राहून तिच्यासाठी ओरडणारं कुणी असेल, हे कधी मनातच आलं नाही. मी स्वतःसुद्धा ओरडलो नाही. मी म्हणायचो, “आलीस? जेवून घे.”

शिट्टीला ऑफिसच्या फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, समजा कुणी ‘नाही’ म्हणालं आणि मग त्याचं मन बदललं तर? तो म्हणाला, “जहाज सुटेपर्यंत काहीही बदलता येतं. माणूसच मिळेना झालाय त्यांना. नाचतील!” मग, “का हो, काका?” मी म्हटलं, सहज.

सासूबाईंना यातलं काही सांगितलं नाही. त्या विचारत होत्या, “मशीनवर ‘ठ’ कुठे असतो हो?” म्हटलं, तुम्हाला कशाला? “नुसतं विचारलं. बसल्या बसल्या बघत होते, दिसला नाही.” म्हातारपणी काहीही डोक्यात येतं. दाखवला.

२८ मार्च

सासूबाईंची कवळी पॉलिश करून आणली. बसवली. त्यांनी आरशात पाहिलं, हसून पाहिलं, आणि लगेच काढून पाण्यात ठेवली. “आत्ता नको. उगाच झिजेल,” म्हणाल्या. मी म्हटलं, कवळी अशी झिजत नाही, वापरायची असते. त्या म्हणाल्या, “तुम्ही लिहिणार नाही ना तिला काही?”

“नाही,” मी म्हटलं.

“शपथ?”

“अहो, नाही म्हटलं ना. आणि तुम्हीही कुणाकडून काही लिहून घेऊ नका.”

“मला काय येतंय त्यातलं!”

३० मार्च

लिहिलं. दुपारी काम अर्धवट टाकून घरी आलो. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. दोन दिवस मी मशीनकडे फिरकलोच नव्हतो, पडद्यावर फाइलचं पहिलं पान होतं. क्यू दाबून बाहेर आलो आणि एकदाही न खोडता लिहिलं:

‘तुझा प्रश्न आम्ही वाचलाच नव्हता, जुनी फाइल उघडून बसलो होतो. कुणी रागावलं नव्हतं. तुला राहायचं असेल तर राहा. मी मजेत आहे, एकटं राहायची सवय झाली. आई पण बऱ्या आहेत.’

एंटर दाबलं. आपली ओळ जोडली गेली का बघायला लेस उघडलं, कॅपिटल जी दाबलं. माझी ओळ तळाशी होती. तिच्या वर, ‘बरं’च्या खाली, आणखी एक ओळ होती. ती मी लिहिलेली नव्हती.

‘बाळा जावई गप्प बसलेत पण तुला राहायचंय हे मला वाचून कळलं तू राहा मी ठणठणीत आहे दात पण नवे आलेत काळजी करू नको त्यांना सांगू नको मी लिहिलं’

पुढे वेळ होती, काल सकाळची. मी कामावर असतानाची.

सासूबाई आल्या तेव्हा मी तसाच बसलो होतो. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आपली ओळ पाहिली, मग माझी पाहिली. काठी भिंतीला टेकवली आणि खुर्चीवर बसल्या.

“शपथ घेतली होती तुम्ही,” म्हणाल्या.

“शपथ नव्हती घेतली. नाही म्हटलं होतं. आणि तुम्हाला तर यातलं काही येत नव्हतं.”

“तुम्ही एकेक बटण मोठ्यानं बोलत दाबता. मी बहिरी आहे का?”

मग आम्ही हसलो. खरंच हसलो, सासूबाई तर खोकेपर्यंत. हसू संपल्यावर मात्र दोघांनाही एकमेकांकडे बघवेना. मी कॅपिटल एफ दाबलं आणि खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली.

१ एप्रिल

आज कामावर गेलो नाही. तब्येत ठीक नाही म्हणून कळवलं. अधूनमधून कंट्रोल-सी, क्यू, पुन्हा लेस, पुन्हा एफ. आता फाइल कुठली आहे याची खात्री केल्याशिवाय राहवत नाही. सासूबाई म्हणाल्या, “दूध तापत ठेवल्यासारखे बसू नका, उतू नाही जात ते.” पण स्वतः हलल्या नाहीत. निवडायला घेतलेली भाजी मांडीवर तशीच होती.

मनात काय चाललं होतं ते लिहितो. तिनं ‘येते’ म्हणावं, असं चाललं होतं. ‘राहा’ लिहिलं होतं तरी मला वाटत होतं, तिनं माझं खोटं ओळखावं, आणि ओळखून यावं. मजेत आहे म्हणे! अठरा विश्वे दारिद्र्य आहे घरात तिच्यावाचून, आणि हे ओळखणारी एकच बाई आहे जगात. तिनं ओळखलं की झालं, मला वेगळं काही म्हणावं लागणार नाही.

दुपारी ओळ पडली.

‘दोघांच्या दोन ओळी मिळाल्या. दोघंही खोटं बोलताय. तू मजेत नाहीस आणि आई ठणठणीत नाही, हे मला इथून दिसतं. तरी राहते. मला राहायचंय. माफ करा मला.’

मी मोठ्यानं वाचली. ‘राहते’ तेवढं दोनदा वाचलं.

सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे ओळखलं तिनं.”

“ओळखलं.”

“ओळखूनही राहते म्हणाली.”

“हो.”

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मला वाटलं आता काही कडू बोलतील. मलाही तेच बोलायचं होतं. इतकं दूर, आधी वर्षभर आणि पुन्हा वर्षभर, आणि आम्ही इथे दोघं, एकाला फ्यूज बदलता येत नाही आणि दुसरीला जिना चढवत नाही. पण त्या म्हणाल्या, “तिचे वडील गेले तेव्हापासून तिनं मला कधी ‘मला हे हवंय’ असं सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, तुला चालेल ते. आज पहिल्यांदा म्हणाली.”

मला काय म्हणाली असेल ते आठवून पाहिलं. लग्नाला होकार दिला तेव्हासुद्धा ‘बरं’च म्हणाली होती.

मग मी रडलो. सासूबाईंसमोर. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात पाखरासारखा हलका होता. त्याचीही मला भीती वाटली, एक वर्ष हे फार मोठं असतं. त्याही रडत होत्या.

जरा वेळानं मी म्हटलं, “काय लिहू?”

“खोटं काही नका लिहू आता. ती ओळखते.”

“मग काय?”

त्यांनी मांडीवरची भाजी बाजूला ठेवली. “लिहा, फार आठवण येते. लिहा, आईला जिना चढवत नाही. आणि लिहा, राहा.”

मी कंट्रोल-सी, मग क्यू दाबून बाहेर आलो आणि त्यांनी सांगितलं तसंच, त्याच क्रमानं लिहून पाठवलं.